‘अप इन दी एअर’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात मी बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. जून उजाडला की हा एक वाक्प्रचार वर्गात हमखास निघतो. कुणाचा निकाल यायचाय, कुणाची प्रवेशाची यादी लागायचीय, कुणाच्या बहिणीची सोयरीक अर्ध्यात आहे, आणि पाऊस तर सगळ्यांचाच यायचाय. मुलं जिन्यात थांबवून विचारतात, रात्री फोन करून विचारतात. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे आईवडिलांनाही वाचता येतील.

या वाक्प्रचाराचा अर्थ काय?

एखादी गोष्ट अजून ठरलेली नाही आणि काय ठरेल तेही आत्ता सांगता येत नाही, एवढाच अर्थ. क्रिकेटच्या नाणेफेकीत नाणं वर उडालेलं असतं तो क्षण डोळ्यांपुढे आणा. छापा की काटा हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं, उडवणाऱ्यालाही नाही. नाणं कुणाच्या मुठीत नाही आणि ते खाली मात्र येणारच आहे. माझ्या मते या दोन गोष्टी लक्षात राहिल्या की बाकीचं सोपं जातं.

आपल्याकडे घरात आपण म्हणतो, ‘काही ठरंना गेलंय’, ‘कळंना गेलंय बघा’. इंग्रज माणूस तिथे ‘इट्स ऑल अप इन दी एअर’ म्हणतो.

वाक्यात कसा बसवायचा?

क्रियापद बहुतेक वेळा ‘इज’ किंवा ‘आर’. ‘अवर ट्रिप टू वेरूळ इज स्टिल अप इन दी एअर.’ म्हणजे वेरूळच्या सहलीचं अजून काही नक्की नाही. ‘स्टिल’ हा शब्द याच्याशी फार जुळतो, कारण वाट बघणं त्यात आपोआप येतं. निर्णय न घेता उठून गेलेल्या लोकांबद्दल बोलायचं असेल तर ‘लेफ्ट’ वापरा: ‘दे लेफ्ट द मॅटर अप इन दी एअर.’ बैठक झाली, चहा झाला, पण मुद्दा तसाच राहिला.

चुका दोन होतात. पहिली म्हणजे मधला ‘दी’ गाळणं. ‘अप इन एअर’ असं कुणी म्हणत नाही. पुढे स्वर असल्यामुळे त्याचा उच्चारही ‘द’ न करता ‘दी’ करायचा. दुसरी चूक म्हणजे हे शब्द नामाच्या आधी विशेषणासारखे लावणं, ‘ॲन अप इन दी एअर प्लॅन’ वगैरे. कानाला खटकतं. प्लॅन आधी येऊ द्या, हे शब्द त्याच्या मागून.

कर्ता म्हणून बहुधा गोष्ट येते: तारीख, बदली, लग्न, सौदा. ‘आय ॲम अप इन दी एअर अबाउट इट’ असंही काही लोक बोलतात आणि ते चूक नाही. पण शिकत असताना माणसासाठी सरळ ‘आय हॅवन्ट डिसायडेड’ म्हणा. त्यात कधी घोटाळा होत नाही.

मराठीत याला एकच शब्द सांगा ना.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि यावरच मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. एक शब्द सांगता येतो, ‘अनिश्चित’, पण तो बातमीतला शब्द झाला. आपल्या बोलण्यात न ठरलेल्या गोष्टीसाठी इतके शब्द आहेत की त्यांतला नेमका निवडावा लागतो, आणि निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: गोष्ट कुणामुळे अडली आहे?

सोयरिकीचं उदाहरण घ्या. पाहुणे मुलगी बघून गेले. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या आईनं मुलीला किती शिकली ते विचारलं, आणि जाताना दारात चपला घालत मुलाचे मामा म्हणाले, ‘कळवतो.’ आठ दिवस झाले, फोन नाही. आता घरातला प्रत्येक जण याच गोष्टीबद्दल वेगळा शब्द वापरतो. मुलीचे काका चिडून म्हणतात, ‘भिजत घोंगडं ठेवलंय त्यांनी.’ यात दोष समोरच्यांवर आहे. ठरवता येत असून ते ठरवत नाहीत, असं काकांना म्हणायचं आहे. आत्या म्हणते, ‘मुलाचंच तळ्यात-मळ्यात चाललंय.’ म्हणजे अडलंय ते मुलाच्या मनात. आजी म्हणते, ‘त्यांचं ठरलं असंल, आपल्यालाच सांगंनात. सगळं गुलदस्त्यात.’ म्हणजे उत्तर तयार आहे, फक्त झाकून ठेवलंय. आई काही बोलत नाही, पण तिचा जीव टांगणीला लागलेला आहे. आणि मुलगी स्वतः, जिचा पुढच्या शिक्षणाचा अर्ज यामुळे अडकलाय, ती मैत्रिणीला म्हणते, ‘माझं सगळं अधांतरी आहे.’

घर एक, गोष्ट एक, शब्द पाच. ‘अप इन दी एअर’ यांतलं कुणावरच बोट ठेवत नाही. कुणी अडवलं, कुणी लपवलं, कुणाला भीती वाटते, यातलं काहीच त्यात नाही. त्यामुळे सगळ्यात जवळचा शब्द ‘अधांतरी’, तोही गोष्टीबद्दल वापरला तर. माणसाबद्दल वापरला की त्यात निराधारपण येतं, आणि ते इंग्रजी शब्दांत नाही.

सुपारी फुटली, कुंकू लागलं, की नाणं खाली पडलं. मग ‘अप इन दी एअर’ म्हणायचं नाही, भले लग्नाची तारीख निघायची असो. तेव्हा तारीख अप इन दी एअर असते, लग्न नव्हे.

मग ‘त्रिशंकू’ का नाही? तोही वर लटकलेलाच आहे.

चांगला प्रश्न आहे, एका मुलानं वर्गात विचारला होता. विश्वामित्रांनी त्रिशंकूला सदेह स्वर्गात पाठवलं, इंद्रानं त्याला खाली ढकललं, आणि विश्वामित्रांनी त्याला मधेच थांबवलं. तो तिथेच राहिला. ना वर, ना खाली, कायमचा. ‘अप इन दी एअर’ गोष्ट मात्र आज ना उद्या खाली येणार असते. म्हणून अडकून पडलेल्या माणसाला त्रिशंकू म्हणा, न ठरलेल्या तारखेला नको. विधानसभेत कुणालाच बहुमत नसेल तर आपण ‘त्रिशंकू विधानसभा’ म्हणतो. इंग्रजीत तिला ‘हंग असेंब्ली’ म्हणतात, लटकलेली. तशा निकालानंतर सरकार कुणाचं येणार हे मात्र ‘अप इन दी एअर’ असू शकतं. दोन्ही शब्द एकाच बातमीत, पण दोन वेगळ्या गोष्टींना.

‘हवेत आहे’ असं शब्दशः भाषांतर चालेल का?

नाही. मराठीत ‘तो सध्या हवेत आहे’ म्हटलं की त्याला गर्व झालाय, पाय जमिनीवर नाहीत, असा अर्थ होतो. ‘हवेत इमले बांधणं’ म्हणजे पाया नसलेली स्वप्नं रंगवणं. ‘वाऱ्यावर सोडणं’ म्हणजे ज्याची जबाबदारी आपली त्याला टाकून देणं. हवा आणि वारा आपल्याकडे आधीच कामाला लागलेले आहेत. ‘बहिणीचं लग्न हवेत आहे’ असं पेपरात लिहिलेलं मी तपासलं आहे. त्या मुलीला शब्द पाठ होते, पण घरी कुणी असं बोलतं का, हे तिनं मनाशी एकदा म्हणून पाहिलं नव्हतं. भाषांतर करताना मी मुलांना तेवढंच सांगते: वाक्य आईला म्हणून दाखवा. आईनं ‘काय?’ असं विचारलं तर बदला.

आम्ही सगळीकडे ‘पेंडिंग’ म्हणतो. तेच ना हे?

तेच नव्हे, आणि हा फरक एका मुलाला महागात पडता पडता राहिला. तो माझा जुना विद्यार्थी. पदवीचा शेवटचा पेपर देऊन पुण्यात नोकरी शोधत होता. निकाल लागायला उशीर झाला होता. एका कंपनीनं गुणपत्रिका मागितली, तर यानं ईमेलमध्ये लिहिलं, ‘माय रिझल्ट इज अप इन दी एअर.’ त्याला म्हणायचं होतं की निकाल अजून जाहीर झालेला नाही. वाचणाऱ्यानं अर्थ घेतला की पास होईल की नाही याचीच खात्री नाही. दोन दिवसांनी फोन आला, ‘कुठला विषय राहिलाय का?’ त्यानं मला फोन केला तेव्हा आवाज पार बसला होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दुसरा ईमेल लिही: ‘माय रिझल्ट इज अवेटेड.’ एका शब्दाचं काम होतं, पण तो नेमका असायला हवा होता. पुढे त्याचं काम झालं.

‘पेंडिंग’ म्हणजे काम रांगेत आहे, टेबलावर आहे, नंबर लागला की होईल. फाइल पेंडिंग, बिल पेंडिंग, सातबाऱ्यावरची नोंद पेंडिंग. ‘अप इन दी एअर’ म्हणजे काय होईल हेच उघडं आहे. तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज देऊन महिना झाला, तर तो पेंडिंग. पण भावाभावांतच वाटणी ठरत नसेल, तर वाटणी अप इन दी एअर, आणि अर्ज तर अजून दिलेलाच नाही.

‘ग्रे एरिया’, ‘लिंबो’, ‘टच अँड गो’ यांच्यात आणि यात फरक काय?

‘ग्रे एरिया’ म्हणजे नियमच जिथे स्पष्ट नाही अशी जागा. हे चालतं की चालत नाही, दोन जाणती माणसंही दोन उत्तरं देतील. तिथे वाट बघून काही होत नाही, कुणीतरी नियमाचा अर्थ लावावा लागतो. ‘लिंबो’चं मूळ कडा किंवा काठ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. ख्रिस्ती धर्मविचारात स्वर्ग आणि नरक दोन्हींच्या बाहेर राहिलेल्या जिवांच्या जागेला तो शब्द वापरत. म्हणून ‘इन लिंबो’ आपल्या त्रिशंकूच्या जवळ जातो. ‘टच अँड गो’ म्हणजे थोडक्यावर आलेलं, वाचेल की जाईल अशी अवस्था. दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हा शब्द कळतो. ‘ऑन द फेन्स’ माणूस असतो, गोष्ट नसते. कुंपणावर बसलेला, आपल्या तळ्यात-मळ्यातवाला. ‘द ज्युरी इज स्टिल आउट’ हे मत बनायचं असेल तेव्हा: नवं बियाणं चांगलं की वाईट, दोन हंगाम गेल्याशिवाय सांगता येणार नाही.

आणि ‘क्लिअर ॲज मड’ हे उलट बोलणं आहे. शब्द ‘चिखलासारखं स्वच्छ’ असे, आणि म्हणायचं असतं की काही म्हणजे काही कळलं नाही. थट्टेच्या सुरातच शोभतं, गुरुजींना उद्देशून नको.

‘नरो वा कुंजरो वा’ यांत कुठे बसतं, असंही कुणीतरी विचारतं. कुठेच नाही. युधिष्ठिराला माहीत होतं की मेला तो हत्ती. द्रोणाचार्यांना कळू नये म्हणून ते मोघम बोललं गेलं. जाणूनबुजून धूसर केलेली गोष्ट कधीच ‘अप इन दी एअर’ नसते.

‘एअर’ असलेले दुसरे वाक्प्रचार गोंधळात टाकतात.

थोडक्यात सांगते. ‘वॉकिंग ऑन एअर’ म्हणजे आनंद गगनात न मावणं. ‘क्लिअर दी एअर’ म्हणजे मनातलं बोलून गैरसमज दूर करणं. ‘कॅसल्स इन दी एअर’ म्हणजे आपले हवेतले इमले, हे मात्र शब्दाला शब्द जुळतं. ‘चेंज इज इन दी एअर’ म्हणजे बदलाची चाहूल लागली आहे. इथे ‘अप’ नाही याकडे लक्ष द्या, त्या एका ‘अप’नं अर्थ पालटतो.

स्पर्धा परीक्षेत हा कसा विचारतात?

स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत ‘इडियम्स अँड फ्रेजेस’चे प्रश्न असतात. अशा प्रश्नात चार पर्याय देऊन योग्य अर्थ निवडायचा असतो. चकवा ‘खूप आनंदी’ आणि ‘फार उंच’ या पर्यायांत असतो, आणि बरोबर उत्तर ‘अनसर्टन’ किंवा ‘अनडिसायडेड’. जुन्या अमेरिकन बोलण्यात ‘गो अप इन दी एअर’ म्हणजे भडकणं असाही वापर होता, पण तिथे ‘गो’ असतं. वाक्य पूर्ण वाचा, नुसता अधोरेखित भाग नको.

अर्जात किंवा सरकारी पत्रात लिहावा का?

नको. बोलताना, मित्राला लिहिताना, बातमीच्या मथळ्यात तो शोभतो. अर्जात ‘नॉट येट डिसायडेड’ किंवा ‘अंडर कन्सिडरेशन’ लिहा.

इतिहासाच्या उत्तरात चालेल का? ‘हैदराबाद वॉज अप इन दी एअर’ असं?

दर सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांच्या तयारीत, हे विचारलं जातं, आणि याचं उत्तर मी घाईत देत नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात आलं नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात एका वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला. त्या कराराचं नावच बघा: जसं आहे तसं ठेवा, निर्णय पुढे. पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. स्वातंत्र्याचा दिवस आणि आपल्या मुक्तीचा दिवस यांत तेरा महिन्यांचं अंतर आहे. या तेरा महिन्यांत संस्थानाच्या भवितव्याबद्दल ‘द फ्यूचर ऑफ हैदराबाद वॉज अप इन दी एअर’ असं वाक्य लिहिलं तर ते भाषेच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. करार, वाटाघाटी, दिल्ली आणि हैदराबादमधली पत्रं, यांच्यापुरतं ते बसतंही.

पण कर्ता बदलून ‘द पीपल वेअर अप इन दी एअर’ करू नका. स्वामी रामानंद तीर्थांसारखी माणसं तुरुंगात होती, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून पोरं जिवावर उदार होऊन लढत होती, गावांनी रझाकारांचा जुलूम सोसला. त्यांचं सगळं ठरलेलं होतं. ‘अप इन दी एअर’ हा हलका शब्द आहे, सहलीला आणि तारखेला शोभणारा. एवढं सोसलेल्या माणसांवर तो ठेवला की वाक्य पोकळ वाटतं. भाषणात मी मुलांना तिथे साधं ‘अनसर्टन’ वापरायला सांगते, तेही फक्त संस्थानाच्या भवितव्याबद्दल.

याच्या उलट अर्थाचा वाक्प्रचार कोणता?

‘सेट इन स्टोन’. आपली काळ्या दगडावरची रेघ. इतका चांगला जोड इंग्रजी-मराठीत क्वचित मिळतो. व्यवहार पक्का झाला असेल तर ‘डन डील’.

पाण्याबद्दल, पावसाबद्दल वापरला तर चालतो का?

चालतो, आणि आपल्याकडे तिथेच तो जास्त लागतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. क्लास सुरू ठेवायचे की नाही, वसतिगृहातली मुलं घरी पाठवायची की थांबवायची, सगळंच त्या दिवसांत अप इन दी एअर होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. पाणी शहराला पुरणारं नव्हतं, पण पाणी येणार की नाही एवढा एक प्रश्न त्या दिवशी जमिनीवर आला.

पावसाबद्दल मात्र जरा जपून. ‘द रेन इज अप इन दी एअर’ म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्याला पाऊस वरून पडतोय असंच चित्र दिसेल. न ठरलेली गोष्ट पाऊस नसून पेरणी असते, म्हणून कर्ता ‘सोइंग’ ठेवा.

गेल्या जूनमध्ये औशाजवळच्या गावातल्या एका मुलीनं वर्गात हे फार नेमकं मांडलं. मृग निघून चालला होता. तिच्या घरी ओसरीत सोयाबीनच्या पिशव्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, तिफण झाडूनपुसून तयार. रोज दुपारी आभाळ भरून यायचं आणि संध्याकाळी वाऱ्यानं पांगायचं. शेजाऱ्यानं धूळपेरणी उरकली होती. तिचे वडील थांबले होते, कारण परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. दुबार पेरणीचं बियाणं दोन वर्षांपूर्वी उधारीवर आणलेलं त्यांना आठवत होतं. मी फळ्यावर वाक्प्रचार लिहून म्हटलं, घरातलं एक खरं वाक्य सांगा. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘द सीड इज इन द हाउस. द सोइंग इज स्टिल अप इन दी एअर.’